तिरळे आणि आईंची टाच

११ जानेवारी

टाच अजून उघडीच! डॉक्टरांनी पट्टी सोडली, चष्मा वर केला, परत खाली केला आणि "हं" म्हणाले. त्यांचं ते "हं" मला मुळीच आवडत नाही. जखम मागच्या वेळी नाण्याएवढी होती, आजही नाण्याएवढीच. कडा पांढऱ्या, मध्ये ओल. मधुमेहानं आईंच्या टाचेची जाणच गेली आहे, त्यामुळे त्या निवांत भिंतीवरचं मूत्रपिंडाचं चित्र बघत बसल्या होत्या. "राजमा काढलाय का गं हा?"

नर्सनं मला विचारलं, "तुम्ही मुलगी का यांची?" मी "सून" म्हणाले. "मग मुलगा नाही आला?" मी काही बोलायच्या आत आईंचं उत्तर तयार — "मुलानं दुसरं घर केलं. सून मी ठेवून घेतली." नर्स पट्टी गुंडाळता गुंडाळता थांबली. चार वर्षं झाली त्याला जाऊन, पण हे वाक्य आईंना अजून तितकंच आवडतं. मलाही आवडतं, खरं सांगायचं तर.

डॉक्टर दाराबाहेर येऊन हळूच म्हणाले, "महिनाभर बघू. हाडापर्यंत गेलं तर मात्र पाय वाचवायचा की माणूस, असा प्रश्न येईल."

रिक्षात आई म्हणाल्या, "पाय कापतो म्हणाला ना?"

"नाही हो."

"मग एवढं तोंड का पाडलंयस?"

१२ जानेवारी

वन्संचा फोन. "काय म्हणते टाच? भरली की कळव, वहिनी. ठरल्याप्रमाणे मी येऊन आईला घेऊन जाते." आवाजात गोडवा होता, घाई नव्हती. मला मात्र राग आला.

हे ठरलं ते आईंनीच मला सांगितलं होतं, भाजी निवडता निवडता. "पोरगी मागे लागलीय. जखम भरली की चल म्हणतेय. जाते बाई, म्हातारपणी लेकीला नाही कसं म्हणायचं?" मी "बरं" म्हणाले. वन्सं पोटची मुलगी. मी कोण? ज्याच्यामुळे नातं, तोच नात्यातून उठून गेला.

म्हणजे हिशेब असा, की टाच भरली नाही तर आईंचा पाय जाणार, आणि भरली तर आई जाणार. छान!

१५ जानेवारी

पत्ते. आई जिंकल्या. पाय ठेवायच्या उशीखाली राणी सापडली. "ही इथं कशी आली?" असं म्हणून माझ्याचकडे बघत राहिल्या. इतकं निरागस तोंड मी लहान मुलांचंही पाहिलेलं नाही.

१९ जानेवारी

प्रयोगशाळेत दिवसभर मुंडकी उडवली. हे वाक्य परक्या कुणी वाचलं तर पोलिसांकडेच जाईल. माझे तिरळे — पाण्यातले चपटे किडे, नखाएवढे, तपकिरी. दोन डोळे असे, की सतत आपल्याच नाकाकडे बघतायत. नाक नाही ती गोष्ट वेगळी. ब्लेडनं मुंडकं कापायचं, धड वाटीत सोडायचं. दोन आठवड्यांत नवं मुंडकं, आत नवा मेंदू, आणि परत तेच तिरळं बघणं. इतकी वर्षं झाली, तरी नवे डोळे पहिल्यांदा दिसतात तेव्हा माझ्या तोंडून "आलास का रे!" निघतंच.

आईंना आज समजावून सांगितलं, मी नेमकं काय शोधतेय ते. मेंदूतून हार्मोनं निघतात, ती कापलेल्या जागेला वाढायला सांगतात. पण आम्हाला शंका आहे की ती आणखी कुणाशी तरी बोलतात. किड्याच्या अंगावर जंतू राहतात — वाईट असे नाहीत, तिथलेच. मेंदू त्यांनाही धाकात ठेवत असावा.

"म्हणजे घरातली मोठी बाई," आई म्हणाल्या. "पोरांनाही सांगते, भाडेकरूंनाही सांगते."

"अगदी तसंच."

"आणि तू जाऊन तिचंच मुंडकं उडवतेस."



२७ जानेवारी

निकाल आले. मेंदूतलं ते एक हार्मोन ज्या वाट्यांत थेंबभर घातलं होतं, तिथली धडं स्वच्छ, कापलेली जागा मिटलेली, टोकाला फिकट कोंब. ज्यांत घातलं नव्हतं तिथं जंतू माजलेले. नेहमीचेच जंतू, पण धाक उडालेले. पाणी बुळबुळीत, काही धडं तर विरघळूनच गेली. चष्मेवालीनं (माझ्या शेजारच्या टेबलावरची, माझ्याहून हुशार, पण तिला ते सांगायचं नसतं) स्वतंत्रपणे परत मोजलं. तेच आलं.

सर खूश झाले, पण सर ते सरच. "पुन्हा करा. आणि किड्याचं किड्यापाशी ठेवा. उगाच माणसांवर उडी नको."

मी मान डोलावली आणि उडी मारूनच घरी आले.

२८ जानेवारी

उडी म्हणजे अगदीच आंधळी नाही. माणूस काळजीत असला की त्याच्या अंगात एक हार्मोन वाढतं, आणि ते जास्त दिवस वाढलेलं राहिलं तर जखम भरायला वेळ लागतो. हे माझ्या किड्यांचं नाही, माणसांचंच, आणि बऱ्याच वर्षांपासून माहीत असलेलं. मग आईंना कसली काळजी? साखर ताब्यात आहे. औषधं वेळेवर. झोप माझ्याहून चांगली, घोरण्यासकट. पट्टी मीच रोज बदलते, नर्सनं दाखवल्याप्रमाणे. तरी टाच हट्टाला पेटलेली.

उद्यापासून आईंना आनंदात ठेवायचं. प्रयोग म्हणूनच.

२ फेब्रुवारी

प्रयोग फसला. रडकी मालिका बंद केली — आई भडकल्या. "तिचं बाळ हरवलंय, आणि तू बंद करतेस?" टाचेखाली नवी मऊ उशी आणली, आई तिच्यावर बसायला लागल्या. पत्त्यांत मुद्दाम हरले, ते लगेच ओळखलं. शेवटी पत्ते खाली ठेवून माझ्याकडे रोखून बघितलं. "मला खूश करायला निघालीयस का तू? तुझ्या या खूश करण्यानं आजारी पडायची वेळ आलीय माझ्यावर."

हसून हसून दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. हेही मोजायला हवं होतं.

६ फेब्रुवारी

सूक्ष्मदर्शक दुरुस्त करायला दुर्बीणवाला आला होता. आम्ही सगळे त्याला तेच म्हणतो, त्याची हरकत नसते. भिंग काढून फुंकर मारता मारता विचारलं, "आजी कशा आहेत?" मागं एकदा पावसात मला घरापर्यंत सोडलं होतं, तेव्हा आईंनी त्याला वर बोलावून चहा पाजला आणि अर्धा तास उलटतपासणी घेतली. बायको कशानं गेली, स्वयंपाक येतो का, उजव्या बुटाची नाडी अशी का बांधतोस. तो गेल्यावर निकाल दिला, "चांगला आहे. न सांगता पाय पुसून आत आला. परत बोलाव." मी विषय बदलला.

आज म्हणाला, "कधी येऊ का भेटायला?"

मी म्हणाले, आईंच्या टाचेचं चाललंय सध्या. तो म्हणाला, "हो हो, बरोबर आहे." पेटी उचलली आणि गेला. भिंग अगदी लख्ख केलंय. मी उगाच रिकामी काच घालून बराच वेळ बघत बसले.

घरी आल्यावर आईंनी विचारलं, "आज काय विशेष?" मी म्हणाले, काही नाही.

११ फेब्रुवारी

वाईट दिवस. जखम मोठी झालीय. वास येतोय. डॉक्टर "हं"सुद्धा म्हणाले नाहीत. जंतूंवरचं औषध बदललं, दोन आठवडे दिले. तेवढ्यात सुधारलं नाही तर दवाखान्यात भरती, आणि पुढचं तिथं ठरेल. नर्स पट्टी बांधता बांधता मोठ्यानं आईंना बजावत होती, जणू त्या बहिऱ्याच आहेत — "आजी! कोरडं ठेवायचं! पाणी लागलं की खेळ खलास!" आई मान डोलवत होत्या.

रिक्षात आई बाहेर बघत बसल्या. मी त्यांचा हात धरला. गार होता. भीती वाटते मला. हे इथंच लिहिते, दुसरीकडे कुठं बोलायची सोय नाही.

१२ फेब्रुवारी

करू नये ते केलं. सकाळी पट्टी बदलताना कापसाची निर्जंतुक काडी जखमेवरून फिरवली आणि नळीत घालून कामावर नेली. आमच्या प्रयोगशाळेत माणसाचं काही आणायला सक्त मनाई आहे. चष्मेवालीनं नळी बघितली, माझं तोंड बघितलं आणि जंतू वाढवायची एक कोरी प्लेट पुढं सरकवली. वर स्वतःच्या हातानं झाकणावर लिहिलं — "कुणी हात लावू नये". तिच्या अक्षरात लिहिलेलं असलं की खरंच कुणी हात लावत नाही.

काडी प्लेटवर फिरवली आणि प्लेट उबेत ठेवली. उद्या कळेल कोण माजलंय ते.

१३ फेब्रुवारी

काय बघितलं मी! जखमेत असतात ते नेहमीचे गोल ठिपके होतेच. पण प्लेटच्या अर्ध्या भागावर दुसरंच काहीतरी पसरलं होतं. पांढरं, तंतूतंतूंचं, एकाच बाजूला वळत गेलेल्या मुळांसारखं. चष्मेवाली वाकून म्हणाली, "हा तर मातीतला. नवीन पोरं प्लेट उघडी टाकून खिडकीतल्या रोपाशी खेळतात तेव्हा हाच उगवतो." मीही शिकत असताना असाच उगवला होता, त्यावरून बोलणीही खाल्ली होती. चुकायची शक्यताच नाही.

माती? आईंच्या टाचेत? घराबाहेर तर त्या दवाखान्याशिवाय पडत नाहीत.

गॅलरीतल्या कुंड्या! झाडांना पाणी घालायला जात असतील, सांडत असेल. हट्टी बाई! घरी येऊन ओरडायचं ठरवलं होतं, पण आल्या आल्या त्यांनी चहा पुढं केला आणि म्हणाल्या, "दमलीस गं." मग ओरडणं उद्यावर ढकललं.

१४ फेब्रुवारी

सकाळी झारी हातात घेतली आणि तिथंच थांबले. झाडांना पाणी तर मी घालते! रोज, कामावर जायच्या आधी. मग आईंना कुंडीपाशी कसलं काम?

दुपारीच घरी आले. डोकं दुखतं म्हणून निघाले, ते काही खोटं नव्हतं. किल्लीचा आवाज न करता दार उघडलं.

आई गॅलरीत स्टुलावर बसल्या होत्या. पट्टी बांधलेली टाच मोठ्या कुंडीखालच्या ताटलीत. ताटलीत सकाळचं झिरपलेलं पाणी, मातकट. पाय घट्ट दाबून ठेवलेला, शेजारी नंतर बांधायला कोरडी पट्टी. दोन्ही हात मांडीवर, नजर समोरच्या इमारतीवर. बसची वाट बघत बसावं तसं.

"आई! हे काय चाललंय?"

दचकल्या. पाय उचलला नाही. "गार वाटतं गं जरा. आग होत होती टाचेची."

"त्या टाचेला काही कळत नाही, आई! ना गार, ना गरम!"

पकडल्या गेल्या. उशीखालची राणी सापडल्यावर करतात तसं तोंड करून बघितलं, पण या वेळी ते जमलं नाही. मी खाली बसले, पाय मांडीवर घेतला, ओली पट्टी सोडली. गाठ लवकर सुटेना. तोंडाला येईल ते बोलत होते. पाय गेला असता! जीव गेला असता! रोज मी तुमची पट्टी बदलते, आणि तुम्ही इथं बसून टाच भिजवताय?

मग म्हणाल्या, "बरी झाले की जायचंय मला."

एवढंच बोलल्या.

मी तिथंच रडले. त्याही रडल्या. शेजारचा खिडकीतून बघत होता, बघू दे. डोळे पुसून मी म्हणाले, "मग नाही म्हणा ना वन्संना! मला इथं राहायचंय, एवढं एकदा म्हणा. पुढचं मी बघते."

मान हलवली. "तू यात पडू नकोस. ठरलंय ते ठरलंय."

कुणी ठरवलंय, कुणासाठी ठरवलंय, काही सांगेनात. पाय मात्र माझ्या मांडीवर राहू दिला.

१५ फेब्रुवारी

कुंड्यांखालच्या सगळ्या ताटल्या माळ्यावर. गॅलरी ओली होते, होऊ दे. आईंनी तिरळ्यांची शपथ घेतली, की परत नाही. देवाची घ्या म्हणाले असते तर पळवाट काढली असती.

डॉक्टरांना आज गॅलरीतलं सगळं सांगितलं, फक्त प्लेट वगळून. ते आईंवर रागावले, मग हसले, मग परत रागावले.

२१ फेब्रुवारी

वास गेला! नर्स म्हणाली, "औषध लागू पडलं." मी आणि आईंनी एकमेकींकडे बघितलंच नाही.

२५ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाले, "हं." पण हे दुसरं "हं" होतं, वर जाणारं. भरती नाही. पाय राहणार. मी त्यांच्या टेबलावरचा लाकडी सांगाडा जवळजवळ मिठीत घेतला. आई म्हणाल्या, "त्याला सोड, तो आधीच बारीक आहे."

६ मार्च

सरांनी आमचं लिखाण वाचलं. तिसऱ्यांदा केलेल्या प्रयोगातही तेच आलं — मेंदूतल्या हार्मोनशिवाय जंतू माजतात आणि मुंडकं उगवायला उशीर होतो. शेवटच्या परिच्छेदात मी एक वाक्य लिहिलं होतं, कुणाचं मन कुठं गुंतलंय यावर जखमेचं काय होतं वगैरे. सरांनी त्यावर रेघ मारली. बरोबरच केलं. आईंच्या टाचेचं कारण हार्मोन नव्हतंच, ताटली होती. मग रात्रभर जागून कसली उडी मारत होते मी!

पण ताटलीत पाय कुणी दाबायला लावला? तेही कुठून तरी डोक्यातूनच आलं ना. हे सरांना सांगणार नाही.

१६ मार्च

कडांनी नवी कातडी येतेय. फिकट गुलाबी, पातळ. तिरळ्यांचा नवा कोंब असाच असतो, बाकीच्या अंगाशी रंग न जुळणारा. आज पट्टी बदलताना माझ्या तोंडून निघालंच — "आलास का रे!" आईंनी पाय मागं घेतला. "माझ्या टाचेला अरेतुरे करू नकोस."

मग मी हसत असतानाच हळूच म्हणाल्या, "आता लवकरच कळवायला हवं नाही का पोरीला?"

कपाटाखाली त्यांची बॅग दिसली. भरलेली. सगळ्यात वर घडी करून शाल, मी दिलेली. स्वयंपाकघरात जाऊन विनाकारण ओटा धुतला.

या घरात त्यांच्याशिवाय मला करमणार नाही. इतकं साधं आहे ते. त्यांचा मुलगा गेला तेव्हा मला इतकं रिकामं वाटलं नव्हतं.

२३ मार्च

टाच मिटली. डॉक्टरांनी बोटानं दाबून बघितलं आणि पट्टीसुद्धा नको म्हणाले. आईंनी दोन पायऱ्या चढून उतरून दाखवल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

उद्या वन्संना फोन करणार. कळवायला नाही. भांडायला.

२४ मार्च

भांडले. एका दमात सगळं बोलून टाकलं. आईंना तिकडं यायचं नाही, तुम्ही का ओढताय, मी कुणी नसले तरी त्यांची सून आहे, त्या इथंच राहतील. वन्सं ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "वहिनी, मी कधी मागितलं आईला? तिनंच फोन केला होता. रडत होती. टाच भरली की ने मला, म्हणाली. म्हणे, 'मी इथं बसले आहे तोवर ही पोरगी त्या दुर्बीणवाल्याला दारातसुद्धा उभं करायची नाही.'"

फोन तसाच हातात. आत पत्ते पिसल्याचा आवाज. जायचं ठरवलं त्यांनीच, आणि पाय भिजवला तोही त्यांनीच.

आत गेले. म्हणाले, "आई, रविवारी तो जेवायला येतोय. मी आत्ता विचारणार आहे त्याला. तिघांचा स्वयंपाक करायचाय, आणि तुम्ही कुठंही जायचं नाही."

त्यांनी वर बघितलं नाही. उशीखालून राणी काढली आणि माझ्यापुढं ठेवली.